उमेशू: आंबवलेले नव्हे, मुरवलेले

जपानमध्ये जूनच्या सुमारास परसातल्या ‘उमे’च्या झाडावरून हिरवी, कडक फळे उतरवतात आणि घरी ‘उमेशू’ घालतात. उमे हे जर्दाळूच्या जवळचे आंबट फळ. उमेशू म्हणजे फळ आंबवून केलेली वाइन, असा समज सर्रास आढळतो. फळ आणि मद्य एकत्र आले की तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उमेशूत किण्वन (यीस्टमुळे साखरेचा मद्यार्क होणे) होऊ देत नाहीत. मद्यार्क येतो तयार मद्यातून. फळ देते आंबटपणा आणि सुगंध.

एक किलो फळे धुऊन पूर्ण कोरडी करतात, देठाचा काळा ठिपका टूथपिकने अलगद काढतात. बरणीत फळे आणि खडीसाखर यांचे थर देऊन ३५ टक्के मद्यार्काचे १.८ लिटर शोचू (जपानी ऊर्ध्वपातित मद्य) ओततात. रातांब्याच्या सालींत साखर भरून आपण अमृतकोकम करतो, तेव्हा साखर सालींतला रस ओढून घेते. इथेही तेच घडते. खडीसाखर सावकाश विरघळते. त्यामुळे आधी मद्य फळात शिरते आणि गोडी वाढेल तसा सुगंधी रस बाहेर येतो. सहा महिने ते वर्षभर मुरले की उमेशू तयार.

जपानी कायदाही हा फरक मानतो. घरच्यापुरती फळे मुरवता येतात. मात्र मद्य किमान २० टक्के मद्यार्काचे हवे, कारण सौम्य मद्यात किण्वन सुरू होऊ शकते. म्हणून उमेशू हलके हवे असेल, तर बरणीत सौम्य मद्य घालू नये. पिताना पेल्यात पाणी किंवा बर्फ घालावा.