मेंदूचा बांध आणि त्याची मोरी

म्हसवडहून एका वाचकाने विचारलं आहे: "सोळा वर्षं एआरटीच्या गोळ्या चालू आहेत. आता साठी आली, नावं आठवत नाहीत. एचआयव्ही असला की अल्झायमर होतोच, असं मोबाइलवर वाचलं. खरं का?"

हा प्रश्न पडावा, हेच केवढं आहे! 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्ही बाधित शोधले, तेव्हा या आजारात म्हातारपण हा विषयच नव्हता. 2004 पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली आणि माणसं साठी पाहू लागली.

आता मेंदूकडे येऊ. शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. एर्लिश म्हणाले, मेंदू रंग धरतच नसेल. 1913 साली त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी प्रयोग उलटा केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळाशार, बाकी अंग कोरं! म्हणजे मेंदू रंग धरत होता, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत होती. गुरूचं म्हणणं इतक्या साधेपणाने खोडणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

ही भिंत म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर. तुमच्या जवळचा राजेवाडीचा तलाव आठवा. बांध पाणी अडवतो, तसं मोरीतून सोडतोही. हे अस्तरही रक्तातलं नको ते अडवतं आणि मेंदूत रोज तयार होणारं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये ज्याचे थर साचतात ते प्रथिन) रक्तात सोडून देतं. एचआयव्ही चेतापेशींना लागत नाही. तो पांढऱ्या पेशीत दडून भिंत ओलांडतो आणि आतल्या रक्षक पेशींत ठाण मांडतो. तिथून सुटणारं टॅट हे प्रथिन अस्तराचे सांधे सैल करतं, शिवाय अमायलॉइड तोडणाऱ्या विकराला अडवतं. मिखाल टोबोरेक या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत दिसलं की विषाणूचा संपर्क झाला की अस्तराच्या पेशींतच अमायलॉइड वाढतं. बांध पाझरतो आणि मोरीत गाळही साचतो. अमायलॉइड वाहिनीच्या भिंतीत साठत गेलं, तर भिंत ठिसूळ होते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पण हे बशीतल्या पेशींत दिसलं. अमेरिकेत सेंट लुईसला ब्यू एन्सेस यांनी बाधितांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले, तेव्हा अल्झायमरसारखे अमायलॉइडचे थर वाढलेले आढळले नाहीत. मोबाइलवरचा तो 'होतोच' इथेच खोटा पडतो. वाहिन्यांना धोका खरा आहे, आणि रक्तदाब, साखर, तंबाखू तो वाढवतात. विसरण्यामागे बी-12 ची कमतरता, थायरॉइड किंवा मनाची उदासीही असू शकते, आणि त्यांवर इलाज आहे.

तेव्हा, गोळी एकही चुकवू नका, मिसरी-तंबाखू सोडा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. केंद्रात पुढच्या खेपेला जाल तेव्हा नावं आठवत नाहीत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ज्याला तुमचा आजार माहीत आहे असं घरचं माणूस बरोबर न्या. तुम्ही काय विसरता, ते त्यालाच नीट सांगता येईल.