‘सविस्तर पुढे पाहा’

विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने वृत्तपत्र वाचणाऱ्या कारकुनाला एक ओळ फार छळते. पहिल्या पानावरील बातमी ऐन रंगात येते आणि खाली शब्द दिसतात : ‘उर्वरित मजकूर पान सातवर’. त्या गर्दीत पान उलटणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेणे होय. घडी तशीच राहते, आणि वसईची खाडी ओलांडली तरी बातमी अर्धीच राहते.

वाचकाला मजकुराच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धाडण्याची ही रीत वरवर क्षुल्लक वाटते. तथापि कायदा, शासकीय पत्र, पाठ्यपुस्तक आणि प्रबंध ही सर्व तिच्यावरच उभी असतात. लोकलमधल्या प्रवाशाची हानी एका बातमीपुरती असते. नगरपालिकेच्या दाराशी उभ्या असलेल्या नागरिकाची हानी त्याहून मोठी असू शकते.

औपचारिक इंग्रजी लेखनाने ही रीत एखाद्या शास्त्रासारखी बांधून काढली आहे. तिची जुनी खुणेची अक्षरे लॅटिनमधून आली. ‘सुप्रा’ म्हणजे वर, ‘इन्फ्रा’ म्हणजे खाली, ‘व्हायडे’ म्हणजे पाहा, ‘क्यू. व्ही.’ म्हणजे ते त्याच्या जागी पाहा. ‘सी. एफ.’ या खुणेचा अर्थ मात्र ‘ताडून पाहा’ असा आहे. नुसते ‘पाहा’ म्हटले की तेथे आधार मिळेल; ‘ताडून पाहा’ म्हटले की तेथे वेगळे मतही आढळेल, असा हा सूक्ष्म भेद आहे. अलीकडचे लेखक लॅटिन टाळून ‘याची सविस्तर चर्चा चौथ्या प्रकरणात केली आहे’ असे साधे वाक्य लिहितात. शब्द बदलले, पण शिस्त बदलली नाही. विषयाचे सार जागच्या जागी एका वाक्यात द्यावयाचे, सविस्तर चर्चेचे ठिकाण नेमके सांगावयाचे, आणि वाचक तेथे पोहोचला की दिलेले वचन पाळावयाचे, अशी ही त्रिविध शिस्त आहे. पानाऐवजी परिच्छेदाचा वा कलमाचा क्रमांक देण्यामागेही हेच कारण असते. नव्या आवृत्तीत पाने सरकतात. परिच्छेदांचे क्रमांक पानांबरोबर सरकत नाहीत.

हे केवळ परक्यांचे देणे आहे, असे मात्र समजू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आधीच्या सूत्रातील शब्द पुढील सूत्रांत ओढून घेण्याची ‘अनुवृत्ती’ आहे. संपूर्ण प्रकरणावर अंमल चालविणारी ‘अधिकार’ सूत्रे आहेत. मागचे ध्यानी नसेल तर पुढचे सूत्र अपुरे वाटते. ज्ञानेश्वरीत अध्याय संपताना पुढील अध्यायातील विषयाची चाहूल श्रोत्यांना दिली जाते. आपल्या काळात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. त्याच्या नोंदींत बाणाची खूण आणि शेवटी ‘पहा’ हा शब्द वाचकाला संबंधित नोंदीकडे नेतो. एकच माहिती दहा ठिकाणी न लिहिता वाचकाला दहाही वाटांनी तेथवर पोहोचविण्याची ही सोय आहे.

शासकीय मराठीत मात्र ही सोय अनेकदा गैरसोय होते. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभारासाठी परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य झाले. इंग्रजी मसुद्यातील खुणांना ‘उपरोक्त’, ‘निम्ननिर्दिष्ट’, ‘च्या अनुषंगाने’ असे प्रतिशब्द मिळाले. (यांपैकी ‘उपरोक्त’ संधीनियमाने ‘उपर्युक्त’ असावयास हवा, हे शिक्षकांना ठाऊकच आहे.) शब्द आले, परंतु शिस्त मागे राहिली. वर पाच बाबी नमूद असताना खाली ‘उपरोक्त बाब’ असे लिहिले जाते. पाचांतील कोणती, ते वाचकाने ताडावे! शासन निर्णयाच्या माथ्यावर ‘वाचा’ असा शब्द आणि त्याखाली जुन्या निर्णयांचे क्रमांक व दिनांक असतात. ‘वाचा’ ही आज्ञा खरी, पण काय वाचावयाचे ते हाती नसते, आणि त्या निर्णयांत काय ठरले होते याची एक ओळही पुष्कळदा नसते.

याची झळ कशी लागते, ते वसई-विरारच्या रहिवाशांस सांगावयास नको. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी तेथे महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी २९ गावे महानगरपालिकेत असावीत की नसावीत, हा वाद पुढे अनेक वर्षे शासनदरबारी आणि उच्च न्यायालयात चालला. अशा प्रसंगी निघणाऱ्या अधिसूचनेच्या मुख्य मजकुरात गावांची नावे बहुधा नसतात. ‘सोबतच्या अनुसूचीत नमूद केलेले क्षेत्र’ एवढेच असते. अनुसूची जोडलेली नसेल, तर आपले गाव आत आहे की बाहेर, हे गावकऱ्याला कळावे कसे? मालमत्ता कराचेही तसेच. महानगरपालिकांचा १९४९चा मूळ अधिनियम कर बसविण्याचा अधिकार देतो. पण आकारणीचे तपशीलवार नियम त्याच्या शेवटी, अनुसूची ‘ड’च्या आठव्या प्रकरणात आहेत. केवळ कलमे वाचून थांबणारा नागरिक निम्माच कायदा वाचतो.

यावर कोणी म्हणेल, की सर्व काही एकाच जागी लिहिले तर कायद्याचे बाड होईल. हा आक्षेप खरा आहे. शिवाय एकच नियम दोन ठिकाणी लिहिला की दुरुस्ती एका ठिकाणी होते, दुसरीकडे राहून जाते, आणि दोन वचनांचा झगडा न्यायालयात जातो. म्हणून निर्देश हवेतच. पण ते इमानी असावेत.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक संदर्भाच्या क्रमांकापुढे त्याचा आशय एका ओळीत लिहावा. ‘उपरोक्त’ऐवजी ‘वरील परिच्छेद ३मध्ये’ असे लिहावे. अनुसूची मूळ कागदापासून कधीही तोडू नये. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम नागरिकाने मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सार्वजनिक कार्यालयांवर टाकते. निर्देशिलेला कागद निर्देशाबरोबरच उपलब्ध करून देणे, हे त्याच कर्तव्याचे अंग मानले पाहिजे.

शाळांतूनही याचा आरंभ होऊ शकतो. निबंधात ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी ‘कोठे सांगितले?’ एवढे विचारावे. आज हा प्रश्न ज्याला विचारला जाईल, तोच उद्या एखाद्या कार्यालयात बसून पत्राचा मसुदा लिहिणार आहे. त्या पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला नुसते ‘पाहा’ म्हणून भागत नाही. काय आणि कोठे पाहावयाचे, हेही सांगावे लागते.