पाच फेजांची मोटर आणि फुकट जाणारा करंट

पाच फेजची मोटर बाहेरून नेहमीच्या इंडक्शन मोटरसारखीच दिसते. टर्मिनल बॉक्स उघडला की फरक कळतो. ४० स्लॉटांच्या स्टेटरवर चार पोलांचं वाइंडिंग, आणि प्रत्येक फेज शेजारच्या फेजपासून ७२ अंशांवर. शेजारच्या इन्व्हर्टरला पाच लेग, प्रत्येकात वर एक आणि खाली एक असे दोन आयजीबीटी. दोन्ही एकदम चालू झाले तर डीसी बस शॉर्ट होते, म्हणून एक बंद करून दुसरा चालू करताना मध्ये काही मायक्रोसेकंदांचा डेड टाइम ठेवावाच लागतो.

तीन फेजच्या इन्व्हर्टरमध्ये स्विचांच्या ८ अवस्था असतात, इथे ३२. त्यांतल्या दोन शून्याच्या. उरलेले ३० व्होल्टेज व्हेक्टर मोठे, मधले आणि लहान असे दहा-दहाच्या तीन गटांत पडतात. १० किलोहर्ट्झ स्विचिंग असेल तर दर १०० मायक्रोसेकंदांत यांतले कोणते घ्यायचे आणि प्रत्येकाला किती वेळ द्यायचा, हे ठरवणं म्हणजे मॉड्युलेशन.

तीन फेजची सवय असलेला माणूस शेजारशेजारचे दोन मोठे व्हेक्टर आणि शून्य घेऊन मोकळा होतो. मोटर फिरते, व्होल्टेजही भरपूर मिळतं. पण फेजच्या वायरीवर करंट प्रोब लावून ऑसिलोस्कोपकडे पाहा. साइन वेव्ह अपेक्षित असते, तिथे वाकडीतिकडी, खांदे फुटलेली लहर दिसते. त्यात तिसरा हार्मोनिक मिसळलेला असतो. पाच फेजच्या मोटरला व्होल्टेजची दोन प्रतलं असतात. साइनसारखं पसरलेलं वाइंडिंग असेल तर टॉर्क फक्त पहिल्या प्रतलातून मिळतो. दुसऱ्यात गेलेल्या व्होल्टेजला अडवायला स्टेटरचा रेझिस्टन्स आणि लीकेज एवढंच असतं. त्यामुळे थोड्या व्होल्टेजलाही तिथे मोठा करंट वाहतो आणि तो फक्त तांबं तापवतो.

यावरचा उपाय मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. मोठ्या दोघांच्या जोडीला त्याच दिशांचे मधले दोन व्हेक्टर घ्यायचे. दुसऱ्या प्रतलात मोठे आणि मधले एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे असतात. मोठ्याला मधल्याच्या १.६१८ पट वेळ दिला की तिथली सरासरी शून्य होते. पंचकोनाच्या भूमितीतलं सुवर्ण गुणोत्तर असं थेट टायमरच्या रजिस्टरमध्ये येऊन बसतं! प्रोग्रॅम बदलून मोटर पुन्हा सुरू केली की पडद्यावरची लहर साफ झालेली दिसते.

याची किंमत मोजावी लागते. नुसत्या मोठ्या व्हेक्टरांनी डीसी बसच्या ०.६१५५ पट फेज व्होल्टेज मिळतं, चार व्हेक्टरांनी ०.५२५७ पटच. तरी सतत चालणाऱ्या मोटरसाठी मी चार व्हेक्टरच निवडेन. थंड वाइंडिंगचं मोल जास्त आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एका लेगचे गेट पल्स बंद करून पाहावं. आवाज बदलतो, थरथर जाणवते, पण मोटर फिरत राहते. न्यूट्रल न जोडलेल्या तीन फेजच्या मोटरमध्ये एक फेज गेला की फिरतं चुंबकीय क्षेत्रच उरत नाही. इथे उरलेल्या चार फेजांचे करंट नव्याने बसवून आणि लोड उतरवून काम चालू ठेवता येतं. जहाजाच्या किंवा विमानाच्या ड्राइव्हमध्ये हे फार मोलाचं आहे.

हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सांगणं: व्हेक्टरांचं गणित कागदावर नीट करा, पण चिपमध्ये ३२ अवस्थांचा तक्ता भरू नका. पाचही साइन संदर्भांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान किमतीची सरासरी काढा, ती प्रत्येकातून वजा करा आणि त्रिकोणी कॅरिअरशी तुलना करा. चार व्हेक्टरांचाच निकाल चार ओळींच्या कोडमध्ये मिळतो.