राखणीचा कुत्रा आणि माळावरचं खोकड



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर खोकड दिसतं. कोंबडीचोर म्हणून त्याला हाकलतात. पण त्याचं मुख्य खाणं उंदीर, किडे आणि बोरं. म्हणजे बिनपगारी राखणदारच की!

सोलापूर आणि आपला जिल्हा मिळून पसरलेल्या माळढोक अभयारण्यात व भोवताली पशुवैद्य डॉ. अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी २१९ मोकाट कुत्री व ३३ खोकडं तपासली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. पार्वो, डिस्टेंपर, अ‍ॅडेनो यांपैकी एका तरी विषाणूची लागण झाल्याची खूण शेकडा ९३ कुत्र्यांच्या आणि ८७ खोकडांच्या रक्तात सापडली. डिस्टेंपर चालू असलेली खोकडं तर बरीच दगावली. रोग कुत्र्यांकडूनच गेला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण तशी शक्यता आहे.

मग टोचू सगळ्या कुत्र्यांना लस, असं आपण म्हणाल. थांबा, वय बघा. वर्षाचं होईतो बहुतेक कुत्र्यांना हे रोग होऊन जातात. जी वाचली त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आलेलीच असते. तेव्हा पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या, पुढचे डोसही चुकवू नका. पिसाळीची लस मात्र थोरल्या कुत्र्यालाही दरसाल हवीच. तिथं प्रश्न लेकराबाळांच्या जिवाचा आहे.

मेलेलं जनावर माळावर टाकू नका, खोल पुरा. त्यावर कुत्रीही जमतात आणि खोकडही येतं. राखणीचा कुत्रा रात्री वस्तीवरच ठेवा.