एक लाख नोंदींचा खोळंबा

भिलाईजवळच्या हथखोज येथील अवजड उद्योगांच्या वसाहतीत एखादी ओतशाळा आहे, असे समजू. वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याला तेथे क्रमांक असतो. उद्या एखादे ओतीव तडकले, तर त्याच घाण्याची इतर ओतिवे कोणाकडे गेली, हे त्या क्रमांकावरूनच सापडावयाचे. जुन्या वह्यांतील अशा एक लाख नोंदी टंकित करून संगणकाच्या एका फाइलीत ठेवल्या आहेत. आता त्या डेटाबेसच्या सारणीत उतरवावयाच्या. पण सकाळी सुरू केलेले काम दुपार झाली तरी आटोपत नाही.

अशा वेळी नवे यंत्र मागवण्याची घाई होते. त्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. रिकाम्या सारणीत प्रथम दहा हजार आणि मग, सारणी पुन्हा रिकामी करून, वीस हजार नोंदी भराव्यात व वेळ मोजावा. वेळ दुप्पट लागला, तर प्रत्येक नोंदीमागे ठरावीक खर्च होत आहे. चौपट लागला, तर सारणी वाढेल तसा खर्चही वाढत आहे. दोन्ही दुखण्यांची औषधे वेगळी आहेत.

पहिले दुखणे समजण्यास आपली जमाखर्चाची पद्धत उपयोगी पडते. व्यापारी आधी कीर्द लिहितो, मग खतावणी. डेटाबेसही बदल प्रथम आपल्या कीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहितो. तो चकतीवर उमटल्यावाचून व्यवहार पक्का मानत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पक्की केली आणि दर वेळी एका फेऱ्याची वाट पाहावी लागली, तर एक लाख नोंदींना सुमारे चौदा मिनिटे नुसती प्रतीक्षेतच जातात. हजार-हजार नोंदी एकत्र पक्क्या केल्या, तर हीच प्रतीक्षा एका सेकंदाच्या आत येते. शिवाय डेटाबेस दूरच्या यंत्रावर असेल, तर प्रत्येक नोंदीची जा-ये वेगळी. म्हणूनच पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी' आणि मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा' अशा घाऊक आज्ञा आहेत.

दुसरे दुखणे बहुधा तपासणीत दडलेले असते. 'हा क्रमांक पूर्वी आला आहे काय?' असे प्रत्येक नोंदीला विचारणारा ट्रिगर कोणीतरी कधीकाळी लिहिलेला असतो, आणि त्या रकान्यावर सूची नसते. मग दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचन! तेथे सूची हवीच. उलट, सूचींची खोगीरभरतीही नडते, कारण प्रत्येक नोंदीबरोबर प्रत्येक सूची दुरुस्त करावी लागते. मोठ्या भरणीपूर्वी अनावश्यक सूची काढून अखेरीस एकदम बांधणे पुष्कळदा स्वस्त पडते. भरलेल्या सारणीत चार नोंदी घालावयाच्या असतील, तर हा खटाटोप व्यर्थ होय.

काही जण चकतीची वाट पाहण्याची अटच बंद करतात. वेग वाढतो खरा. पण मध्येच वीज गेली, तर संपूर्ण डेटाबेस विसकटू शकतो. फाइल हाती असली, तर सारे पुन्हा भरता येईल. अट पूर्ववत करणे मात्र राहून जाते, आणि त्यानंतर थेट भट्टीवरून येणाऱ्या ताज्या नोंदींना ना वही असते, ना फाइल.