दोन सेकंदांचं शहाणपण

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या चौकात चहा घेत अर्धा तास बसलं, की बरंच साहित्य फुकटात वाचून होतं. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सोयाबीन, तूर, कापूस, सिमेंट असं काय काय भरून गाड्या जातात आणि प्रत्येक गाडीच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असतं. कुठे 'आईचा आशीर्वाद', कुठे हिंदीतून वाईट नजरेवाल्याच्या तोंडाला काळं फासलेलं. मागून एखादी ऑटो येते आणि दिमाखात सांगते, 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं'. असा वाघ खड्डा चुकवायला निम्म्या रस्त्यावर थांबलेलाही दिसतो, पण वाक्य ऐटीत असतं.

रस्ता सोडून गावात वळलं तरी वाक्यं पाठ सोडत नाहीत. किराणा दुकानात तेलाच्या पिंपावर 'आज रोख, उद्या उधार'. जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं चौकट आखून 'आजचा सुविचार', आणि परिपाठाला तोच मोठ्यानं वाचून दाखवायची एका पोराची पाळी. सलूनच्या आरशावर एक, सोसायटीच्या भिंतीवर एक. आणि सकाळी डोळे उघडायच्या आत मोबाइलवर उगवत्या सूर्यासकट दहा. यातलं एकही वाक्य कुणी मागितलेलं नसतं. तरी ती वाचली जातात, लक्षात राहतात, पुढे पाठवली जातात. काही वर्षांपूर्वी पाठ झालेलं प्रमेय आठवत नाही, पण दहा वर्षांपूर्वी ट्रकमागे वाचलेलं वाक्य शब्दन् शब्द आठवतं. मला हे नवल वाटतं, आणि त्याची उत्तरं शोधायला गेलं की नवल कमी होण्याऐवजी वाढतं.

पहिली गोष्ट लांबीची. ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवून दिलं, की ऐकलेले शब्द आपण डोक्यात जसेच्या तसे घोळवत ठेवतो ती जागा फार लहान असते. साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होईल, तेवढंच तिथे मावतं. त्यापुढचं सांडतं. आता घड्याळ लावून 'अति तेथे माती' म्हणून बघा. एका सेकंदाच्या आत संपतं. 'थेंबे थेंबे तळे साचे' दोन सेकंदांत आरामात बसतं. वाघवाली ओळ जरा लांब, पण ती मधोमध तोडलेली आहे आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मावतात. ज्या गृहस्थानं ती ओळ जुळवली, त्यानं बॅडली वाचला असण्याची शक्यता शून्य. हजारो वाक्यं जन्माला आली असतील, जी या जागेत मावली ती टिकली.

रस्त्याचंही गणित याच मापाचं निघतं. शेलूबाजारजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आणि मालट्रकना 80 ची. म्हणजे मोटार ट्रकला गाठते ती ताशी 40 च्या फरकानं, सेकंदाला सुमारे 11 मीटर. पाठीवरची अक्षरं पन्नास-पंचावन्न मीटरवरून लागायला लागली, असं धरलं तर वाचायला पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात वाचायचं, समजायचं आणि हसायचं. ट्रकच्या पाठीवर परिच्छेद का लिहीत नाहीत, ते कळलं.

पण नुसतं लहान असून भागत नाही. दुसरी गोष्ट यमकाची. 'अति तेथे माती' याऐवजी 'अति तेथे नाश' म्हणा. अर्थात काडीचा फरक नाही, लांबीही जवळपास तीच. तरी वाक्यातली हवा गेली. रस्त्याच्या कडेला पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती 'फार घाई धोकादायक' अशी केली तर सरकारी सूचना वाटेल. मूळची पाटी मात्र कुणीतरी शहाणं माणूस बोलल्यासारखी वाटते. मॅथ्यू मॅग्लोन आणि जेसिका तोफिग्बख्श या दोन संशोधकांनी 2000 साली नेमका हाच खेळ अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर खेळला. इंग्रजीतल्या अपरिचित म्हणी घेतल्या, काही यमक जुळणाऱ्या तशाच ठेवल्या आणि काहींतला एखादा शब्द बदलून यमक मोडलं. मग विचारलं, माणसाच्या वागण्याचं हे वर्णन कितपत खरं आहे? यमकवाल्या म्हणी जास्त खऱ्या ठरल्या. त्याच विद्यार्थ्यांना थेट विचारलं, की यमक जुळलं म्हणून म्हण जास्त खरी होते का, तर ते नाही म्हणाले. म्हणजे कान फसतो आणि डोक्याला पत्ता नसतो. मात्र 'अर्थ आणि गोडवा वेगळे करून बघा' असं आधीच बजावलं, तर ही भूल बरीचशी उतरते.

वऱ्हाडात या यमकाची करामत अजून एका पायरीवर बघायला मिळते. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण इकडच्या बोलीत येताना बोलीच्या वळणानं 'ळ'चा 'य' होतो आणि म्हातारी माणसं म्हणतात, 'ज्याचं जयते त्याले कयते'. अक्षरं बदलली, पण दोन्हीकडे सारखीच बदलली. यमकाला धक्का नाही.

तिसरी गोष्ट वारंवारतेची. लिन हॅशर या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा बोलावलं आणि काही विधानं दाखवली. जी विधानं पुन्हापुन्हा समोर आली, ती दर खेपेला लोकांना अधिक खरी वाटू लागली, मग ती खरी असोत की खोटी. मोबाइलवरच्या सकाळच्या सूर्याचं सगळं बळ यातच आहे, याहून जास्त त्यावर बोलायला नको.

आता तेलाच्या पिंपावरच्या पाटीकडे परत जाऊ, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. 'आज रोख' म्हणजे सरळ नकार. 'उद्या उधार' म्हणजे सरळ होकार. गिऱ्हाईक होकाराशी थांबतं, आणि मग लक्षात येतं की उद्या आला की त्याचाही आज होणार आणि पाटी तर तिथेच असणार. विनोदाचा अभ्यास करणारे सांगतात, की हसू या दोन टप्प्यांत फुटतं. आधी काहीतरी जुळत नाही, मग अचानक वेगळ्याच रीतीनं जुळतं. पण दुकानदाराला गिऱ्हाइकाला हसवायचं नसतं. त्याला उधारी थांबवायची असते आणि गिऱ्हाईकही तोडायचं नसतं. गाव लहान, समोरचा नात्यातला नाहीतर शेताच्या धुऱ्यावरचा शेजारी. त्याला तोंडावर 'नाही देत' म्हणणं म्हणजे पुढच्या पोळ्यापर्यंत अबोला. म्हणून दुकानदार नुसता पाटीकडे बोट दाखवतो, 'भाऊ, बोर्ड वाचा ना.' नकार पाटीनं दिला, दुकानदार बिचारा मध्यस्थ. दोघं हसतात, आणि सोयाबीन निघेपर्यंत वहीत नाव चढायचं ते चढतंच, ही गोष्ट वेगळी.

अवतरण म्हणजे उसनं तोंड. आपण स्वतः जे बोलू शकत नाही, ते त्या तोंडातून बोलता येतं. सासू 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणते तेव्हा तिनं कुणाचं नाव घेतलेलं नसतं. 'म्हणतात ना', 'जुने लोक सांगून गेले' ही सुरुवात केली, की बोलणारा जबाबदारीतून मोकळा होतो आणि वजन मात्र शंभर पिढ्यांचं पडतं. प्रेरणेच्या वाक्यांचंही तेच. पीक बुडालेल्या मित्राला 'धीर धर' म्हणायला जीभ अडखळते, पोकळ वाटतं. तेच कुणा मोठ्या माणसाच्या नावानं छापलेलं वाक्य पाठवलं, की पाठवणाऱ्यालाही संकोच नाही आणि घेणाऱ्यालाही. त्या वाक्यानं कर्ज फिटत नाही. कुणाला तरी आपली आठवण झाली, एवढं पोचतं.

या उसन्या तोंडाची दुसरी बाजू गमतीची आहे. कुणीतरी स्टेटस ठेवतं, 'वेळ आली की सगळ्यांना उत्तर मिळेल'. संध्याकाळपर्यंत चुलत भाऊ, मेहुणा आणि जुना भागीदार तिघंही समजून चुकलेले असतात, की टोमणा आपल्यालाच आहे. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकानं 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं खास वर्णन लिहून दिलं. किती जुळतं, असं विचारल्यावर त्यांनी सरासरी 5 पैकी 4.26 गुण दिले. मग फोररनं सांगितलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, तेही बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेलं. वाक्य जितकं मोघम, तितकी माणसं त्यात आपला चेहरा बघतात. चांगल्या सुविचाराची ही ताकद आणि भंपक सुविचाराचीही हीच. दोन्ही ओळखायची माझी साधी परीक्षा अशी, की वाक्य उलटं करून बघावं. उलटंही तितकंच खोल वाटलं, तर ते वाक्य पोकळ आहे.

इथपर्यंत सगळं मानसशास्त्र झालं. मला थक्क करते ती मात्र याच जिल्ह्यातली एक जुनी हकिकत. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन, काळ चौथं शतक. त्याच्या मुलाचा, विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली वाशीमलाच सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. हा सर्वसेन राजा असून कवी होता. त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य रचलं. सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजात आणला, ही त्याची कथा. या काव्याची एकही पोथी आज उपलब्ध नाही. तरी ते पुरतं नाहीसं झालेलं नाही, कारण लोकांनी त्यातल्या ओळी उद्धृत केल्या. नवव्या शतकात काश्मीरचा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन त्याचा दाखला देतो, अकराव्या शतकात धारचा राजा भोज त्यातल्या गाथा उदाहरणादाखल वापरतो, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राला ते ठाऊक असतं. वाशीमच्या राजाचं काव्य काश्मीर, माळवा आणि गुजरातच्या वह्यांत तुकड्यातुकड्यानं शिल्लक राहिलं. अलीकडच्या काळात डॉ. व्ही. एम. कुलकर्णी यांनी हे तुकडे वेचून काव्याचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला.

राजधानी बुडाली, पोथी गेली, अवतरणं राहिली. आणि वत्सगुल्माचा लौकिक तरी केवढा. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त एक रूपक सांगितलं आहे. काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते आणि दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. संस्कृत साहित्यशास्त्रात सुबोध, लांबलचक समासांचं ओझं नसलेल्या रचनेला 'वैदर्भी' रीती म्हणतात. सोपं आणि कानाला गोड बोलावं, या रीतीला आपल्या मुलखाचं नाव मिळालेलं आहे. टपरीवरच्या कुणाला हे सांगितलं तर तो 'असंन बाप्पा' म्हणून चहा भुरकेल, पण खरं आहे ते.

मराठीतही वचनं जपून ठेवायचा उद्योग याच भागात लवकर सुरू झाला. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटानं महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढे केसोबासानं त्यातून स्वामींची वचनं वेगळी काढली, तो 'सूत्रपाठ' झाला. स्वामींनी सांगितलेल्या 114 गोष्टी वेगळ्या काढल्या, तो 'दृष्टांतपाठ'. आंधळे आणि हत्ती ही गोष्टही त्यात आहे. या 'दृष्टांतपाठा'त केसोबासानं वचन सुटं सोडलं नाही. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ, अशी मांडणी केली. वाक्य कुणाचं, कशावरून आणि कशासाठी, तिन्हींची सोय. सातशे वर्षांपूर्वीचं हे संपादन आजच्या मोबाइलवरच्या सुविचारांपेक्षा कितीतरी चोख आहे.

मोबाइलवर वाक्याची वाट दोन दिशांनी चुकते. एकीकडे कुणाचंही वाक्य चाणक्य, अब्दुल कलाम, व. पु. काळे किंवा नाना पाटेकर यांच्या फोटोखाली जाऊन बसतं. इंग्रजीत असा ओघ चर्चिलकडे वाहतो, आणि नायजेल रीस या अवतरणं जमवणाऱ्या लेखकानं त्याला चर्चिलचंच नाव देऊन ठेवलं आहे. दुसरीकडे खऱ्या कर्त्याचं नाव गळून पडतं. तुकोबांचे कितीतरी चरण आपण म्हणी समजून वापरतो, तुकोबांची आठवणही होत नाही. या दुसऱ्या चुकीचा मला राग येत नाही. ओळ लोकांच्या तोंडी इतकी रुळणं, हा कवीचा मोठाच मान आहे. पहिल्या चुकीचा मात्र येतो. आनंदवर्धनानं 'हरिविजया'चा दाखला सर्वसेनाऐवजी कुणा जास्त प्रसिद्ध कवीच्या नावानं दिला असता, तर वाशीमचा कवी आपल्याला कायमचा अंतरला असता.

म्हणून एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या तोंडच्या म्हणी आणि टोमणे त्यांच्याच बोलीत, 'जयते-कयते'सकट, एका वहीत उतरवून घ्या. शेजारी बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. कुठल्या प्रसंगी म्हटलं, तेही दोन ओळींत. आणि पुढच्या वेळी नाना पाटेकरांचा फोटो असलेलं वाक्य आलं, तर पाठवणाऱ्याला एकदा विचारा, हे ते कुठं बोलले होते.