वारसाचा अर्ज आणि बहिणीचे नाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे उठताबसता म्हटले जाते. पण घरात मयत होते, मरहूमच्या नावावर बँकेत ठेव निघते, तिला नॉमिनी लावलेला नसतो, आणि मग हाच शहाणा कागदांची पिशवी घेऊन कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाकडे निघतो. बँकेने त्याच्याकडे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलेले असते. बोलताना आपण सगळे त्याला ‘सक्सेशन’ म्हणतो.

इथे एक गोष्ट अनेक घरांत नीट माहीत नसते. कोणाला किती हिस्सा, हे आपल्याकडे शरीयतप्रमाणे ठरते. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, मरहूमची आई हयात असेल तर तिला सहावा, आणि मुलाच्या निम्मा मुलीला. पण प्रमाणपत्र मिळते ते सन 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, आणि प्रमाणपत्राचा हा भाग मुसलमानांनाही लागू आहे. तो ठेवी, शेअर्स, येणे रक्कम यांच्यापुरता. शेतीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची तर आधी तलाठ्याकडे जावे लागते, कोर्टात नाही. आणि नॉमिनी असला तरी तो पैशाचा मालक होत नाही. तो फक्त रक्कम ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो.

अर्जात मरहूमचे सर्व जवळचे नातेवाईक लिहायचे असतात. खरी मेख इथेच आहे. कोर्ट नोटीस काढते ती अर्जात लिहिलेल्या नावांना. जे नाव अर्जातच नाही त्याच्या दारी बेलिफ कशाला जाईल? म्हाताऱ्या आईचे नाव ‘तिला काय कळतंय’ म्हणून राहते. मिरजेला किंवा इचलकरंजीला दिलेल्या बहिणीचे ‘तिला लग्नात दिलंय की’ म्हणून राहते. टेबलावरचा कारकून कोर्ट फी, सह्या, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला तपासतो. तुमच्या घरात किती बहिणी आहेत हे त्याला कसे कळणार?

पूर्वी अशा बहिणीला अर्जाचा सुगावा लागणेच अवघड होते. अर्ज आवक नोंदवहीत चढायचा, छाननी होऊन नंबर पडायचा, आणि कागद फडक्यात बांधून कपाटात जायचे. पुढची तारीख वकिलाच्या कारकुनाला विचारायची, नाहीतर फलकावरच्या यादीत बोट फिरवत शोधायची. कोणी नोटीस वर्तमानपत्रात दिली तरी ती कोणत्या पानाच्या कोपऱ्यात छापून आली, हे सासरी नांदणाऱ्या बाईला कोण सांगणार?

आता चित्र बदलले आहे. ई-कोर्ट प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राने 7,210 कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या मोठ्या आकड्यापेक्षा आपल्या कामाचा आकडा लहान आहे, सोळा अक्षरांचा. अर्ज दाखल झाला की संगणकात त्याला फायलिंग नंबर पडतो, छाननीनंतर नोंदणी क्रमांक, आणि त्याबरोबर सीएनआर नावाचा सोळा अक्षरे व अंकांचा क्रमांक. सुरुवातीला ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, मग जिल्ह्याची खूण आणि कोर्टाची खूण, मग सहा आकडी अनुक्रम, शेवटी चार आकडी वर्ष. ई-कोर्टच्या मोबाइल ॲपवर हा क्रमांक टाकला की मागच्या तारखेला काय झाले आणि पुढची तारीख कोणती, हे घरबसल्या दिसते. क्रमांक माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष एवढे पुरते. जिचे नाव अर्जातून गाळले आहे ती बहीण वडिलांचे किंवा भावाचे नाव टाकून स्वतः पाहू शकते.

पाहू शकते, पण नाव सापडले तर.

आमच्या शाळेच्या हजेरीपटावरच ‘मोहम्मद’ चार तऱ्हांनी लिहिलेला आहे, आणि इंग्रजीत लिहिताना ओ की यू, एक एम की दोन, शेवटी डी की टी, याला अंत नाही. आईचे नाव कुठे जैनब, कुठे झैनब, रेशनकार्डावर जैनबबी. एकाच घरात थोरला भाऊ शेख लावतो, धाकटा बागवान. माणसाला हे सगळे एकच कुटुंब आहे हे कळते, जुन्या कारकुनालाही कळायचे. संगणकाला कळत नाही. म्हणून शोधताना पूर्ण नाव टाकू नये. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकावीत, सापडले नाही तर दुसऱ्या स्पेलिंगने पाहावे, अर्जदार आणि सामनेवाला दोन्हीकडे नजर टाकावी. आणि आपणच अर्ज करणार असू, तर आधार, बँकेचे पासबुक, मृत्यूचा दाखला यांवरची नावे आधी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावावे. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल. हे आधी केले नाही तर छाननीत त्रुटी निघते आणि फेऱ्या वाढतात.

निकाहनाम्याचे दुखणे निराळे. जुने निकाहनामे उर्दूत, तेही घाईच्या शिकस्त अक्षरात. आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी. उर्दू येते म्हणून माझ्याकडे असे कागद घेऊन येणारे कमी नाहीत. मी वाचून दाखवतो, महेरची रक्कम, वकील आणि दोन गवाहांची नावे समजावून सांगतो. पण कोर्टात लावायचे भाषांतर कोणाचे चालेल हे वकिलाला विचारूनच करावे. आणि निकाह लावतानाच मराठी किंवा इंग्रजीत दुसरी प्रत करून ठेवायला जमातीला काय हरकत आहे?

गंमत अशी की कोर्टाची मराठी आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. अर्ज, दावा, वकील, कैफियत, नाझर, शिरस्तेदार, रोजनामा, नक्कल, हुकूम, तारीख, जामीन – हा सगळा फारसी-अरबी शब्दांचा संसार मराठीने शतकानुशतके सांभाळला आहे. कोर्टाचे दफ्तर आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या पाठीवरचे दप्तर, शब्द एकच.

कोल्हापूरला दफ्तर बदलणे नवीन नाही. शाहू महाराजांनी 1918 मध्ये वंशपरंपरागत कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावची कागदपत्रे एका घराण्याच्या हातातून सुटली. आज कोर्टातली तारीख एका टेबलावरून सुटते आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्ट इमारतीत बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या लोकांची अपिलासाठीची मुंबईवारी त्यामुळे टळली. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलने केली होती.

सगळे आलबेल मात्र नाही. ई-फायलिंग झाले तरी अनेक ठिकाणी कागदी संच द्यावाच लागतो, म्हणजे कारकुनाला संगणकही भरायचा आणि फाइलही शिवायची. काम निम्मे व्हायचे ते दुप्पट झाले, वर सर्व्हर बंद पडला की रांग त्याच्याच तोंडाकडे पाहते. जुन्या फायली स्कॅन करताना एखादे पान उलटे लागले की पुढच्या वेळी शोधणाऱ्याचा दिवस गेला. ज्या बाईकडे स्वतःचा मोबाइल नाही, तिला ॲपचा काय उपयोग? तिच्यासाठी न्यायालयांत ई-सेवा केंद्रे काढली आहेत. तिथे तारीख, स्थिती, ई-फायलिंग यांची मदत मिळते. आणि वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

अर्ज चालू असतानाच कळले तर बहिणीने हजर होऊन हरकत घ्यावी. प्रमाणपत्र निघून गेल्यावर कळले तरी वाट बंद होत नाही: महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले प्रमाणपत्र रद्द करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 383 मध्ये आहे. त्यासाठी आधी मूळ अर्जाची प्रमाणित प्रत काढावी लागते. नकलेचा अर्ज करताना सोळा अक्षरांचा तो क्रमांक सोबत असला, तर फाइल कोणत्या कोर्टाची, कोणत्या वर्षाची, हे कारकुनाला विचारावे लागत नाही.